हाय दोस्त ते हैदोस : एका आकांताचे दोन शब्द

संध्याकाळची वेळ आहे, कृष्णामाईच्या काठाला थोडा वारा सुटलाय, आणि अशा वेळी आम्ही रडण्यावर बोलणार आहोत, हे ऐकून संयोजकांच्या कपाळावर आठी उमटली होती. त्यांनी विचारलं, विषय नक्की काय? आम्ही म्हटलं, एक इंग्रजी शब्द आहे. मोठ्यानं रडण्याचा, छाती पिटून रडण्याचा. त्याचा जन्म आपल्याकडे झाला. ते म्हणाले, मग इतिहास कुठला? इतिहास त्यातच आहे. दोन तास पुरणार नाहीत इतका आहे. पण आपल्याकडे तासभरच आहे, तेव्हा सुरुवात करू.

आधी आपल्या घरचं बघू. मोठ्यानं रडायला मराठीत किती शब्द आहेत! हंबरडा फोडणं, टाहो फोडणं, गळा काढणं, भोकाड पसरणं, धाय मोकलून रडणं, आकांत करणं, ऊर बडवणं. प्रत्येकाची जागा ठरलेली. लहान पोर भोकाड पसरतं. ते हंबरडा फोडत नाही. हंबरडा आईचा. कारण तो गाईच्या हंबरण्यातून आलाय, संस्कृतातही गाईच्या ओरडण्याला हंभारव म्हणतात. वासरू नेलं की गाय जशी ओरडते तशी बाई ओरडली, असं ज्या कोणी पहिल्यांदा म्हटलं असेल त्यानं ते नीट ऐकलं होतं. गळा काढणं मात्र थोडं संशयाचं. ‘तिनं लगेच गळा काढला’ म्हटलं की रडणारीवर आपला पुरता विश्वास नाही, हे कळतं. म्हणजे रडण्याच्या शब्दात रडणाऱ्याचं दुःख जेवढं असतं, तेवढंच ऐकणाऱ्याचं मतही असतं. ही गोष्ट आज शेवटपर्यंत लागणार आहे.

इंग्रजीतही असंच कुटुंब आहे. ‘वेल’ हा शब्द उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला, ‘वो’ म्हणजे दुःख या शब्दाचा तो सोयरा. ‘कीन’ म्हणजे मयताभोवती सूर धरून रडणं; तो आयर्लंडचा. आयरिश भाषेतल्या ‘क्वीने’ या शब्दाचं इंग्रजांनी आपल्या जिभेला जमेल तसं रूप केलं. आयर्लंडात मयताच्या घरी अशा रडणाऱ्या बायका बोलावत, त्या मेलेल्याचे गुण गात रडत. आपल्याकडे खेड्यात म्हातारी बाई मयताशी बसून ‘माझ्या राज्या, कुणाच्या जिवावर टाकून गेलास रं’ असा सूर धरते, तो ज्यानं ऐकलाय त्याला ‘कीन’ समजावून सांगायची गरज नाही. आणि तिसरा ‘अल्युलेट’. लॅटिनमधला ‘उलुलारे’. हा शब्द नाहीच, हा नुसता आवाज आहे, जीभ टाळ्याला लावून काढलेला. गंमत अशी, की संस्कृतातही ‘उलूलु’ आहे आणि छांदोग्य उपनिषदात तो सूर्याच्या जन्माच्या वेळी उठलेल्या घोषासाठी येतो. बंगालात आजही लग्नात बायका उलूध्वनी करतात. एकीकडे तो आवाज विलापाचा, दुसरीकडे मंगलाचा.

आणि हे लांबचं झालं. आपल्याकडची बोंब घ्या. चितेला अग्नी देताना खांद्यावरचं मडकं फुटतं आणि कर्ता मुलगा पालथा हात तोंडावर मारून बोंब मारतो. तोच पालथा हात, तीच बोंब, फाल्गुनात होळीपुढे. एकच आवाज, एक सुतकाचा, एक सणाचा. आता ज्याला आपली रीत माहीत नाही असा माणूस लांबून हे ऐकेल, तर त्याला काय कळणार, इथे कोणी मेलंय की इथे मजा चाललीय?

असाच एक माणूस लांबून ऐकत होता. एक नव्हे, पलटणीच्या पलटणी. इंग्रजी फौजेतले गोरे शिपाई. छावणीच्या बाहेर रस्त्यावरून मिरवणूक चालली आहे, मशाली आहेत, ढोल आहेत, कागदी मनोरे आहेत, आणि शेकडो माणसं छातीवर हात मारत एका ठेक्यात ओरडताहेत : या हसन! या हुसेन! या हसन! या हुसेन! शिपायानं ते ऐकलं आणि त्याच्या कानात जे उरलं ते असं : हॉब्सन-जॉब्सन.

हा तो शब्द. हॉब्सन आणि जॉब्सन ही दोन्ही खास इंग्रजी आडनावं, आपल्याकडे गण्या-गंप्या म्हणावं तशी. कर्बलेच्या मैदानावरचा आकांत इंग्रजी कानात शिरताना दोन गावंढळ गोऱ्यांची जोडी होऊन बसला.

हे एका दिवसात झालं नाही. त्याच्या पायऱ्या सापडतात. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात आपल्या भागात होता. हाच फ्रायर जुन्नरला मोगल सुभेदाराच्या घरी वैद्यकी करायला गेला होता. मराठेशाहीचे अभ्यासक त्याला ओळखतात, कारण शिवराज्याभिषेकाच्या काळातली बरीच हकिकत त्याच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक छापलं गेलं १६९८ साली. त्यात मोहरमला तो म्हणतो ‘हॉसी गॉसी’. डच लेखक व्हॅलेंटाइन, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, त्याच्याकडे हे झालं ‘जॅक्सम बॅक्सम’. आणि सर्वांत बहारीचं उदाहरण रॉबर्ट ऑर्मचं. ऑर्म म्हणजे कंपनीचा अधिकृत इतिहासकार. १७५१ साली क्लाइव्ह अर्काटच्या किल्ल्यात अडकला होता, तेव्हाची गोष्ट. या वेढ्यात क्लाइव्हच्या मदतीला निघालेला सरदार म्हणजे आपला मुरारराव घोरपडे, हे आपल्याला ठाऊकच आहे. १४ नोव्हेंबरला किल्ल्यावर मोठा हल्ला झाला, दिवस मोहरमचे होते, आणि ऑर्म लिहितो की हा सण हुसेन आणि ‘जसेन’ या दोन भावांच्या हत्येच्या स्मरणाचा. जसेन! असा कोणी माणूस झालाच नाही. ‘या’ म्हणजे ‘हे’, नुसतं संबोधन. पण युरोपातल्या काही भाषांत य चा उच्चार ज या अक्षरानं लिहितात, तो इंग्रजानं वाचला ज, आणि संबोधनाला नाव फुटलं. हसन बिचारा गायब. शिपाई चुकला तर समजू शकतो, पण इथे इतिहासकारही ठेक्यात वाहून गेला.

पुढे १८८६ साली लंडनला एक जाडजूड कोश निघाला. हेन्री यूल आणि आर्थर कोक बर्नेल हे त्याचे कर्ते. यूल बंगाल इंजिनियर्समधला, मार्को पोलोचा संपादक. बर्नेल मद्रासकडचा मुलकी अधिकारी आणि उत्तम संस्कृतज्ञ. तो कोश पुरा व्हायच्या आधीच, १८८२ मध्ये, गेला. इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा हा कोश. त्याला रूक्ष नाव द्यायचं नाही, काहीतरी चटकदार हवं, म्हणून यूलनं नाव ठेवलं ‘हॉब्सन-जॉब्सन’. जोडीचं नाव, जोडीनं केलेलं काम. १९०३ साली विल्यम क्रूकनं त्याची वाढवलेली आवृत्ती काढली आणि तो कोश आजही विकला जातो. या वाईत, जिथे विश्वकोशाचे खंडच्या खंड घडले, तिथे कोशाची थोरवी आम्ही काय सांगावी! पण त्यात या शब्दाचा अर्थ काय दिलाय? पहिला अर्थ, देशी लोकांचा उत्सवी धुमाकूळ, तमाशा. मग, विशेषतः मोहरम. आणि मग खाली खुलासा येतो, की हे मुळात छाती पिटणाऱ्यांच्या विलापाचं इंग्रजी रूप आहे.

यूलला मूळ माहीत होतं. नीट माहीत होतं. तरीही ते आलं खुलाशात, आणि अर्थाच्या जागी तमाशा बसला. आम्ही यूलला दोष देत नाही. कोशकार जो अर्थ चालतो तोच देणार. लोकांच्या बोलण्यात विलाप उरलाच नव्हता, तमाशा उरला होता. पुढे भाषाशास्त्रात तर एक नियमच याच्या नावानं झाला : परक्या शब्दाला आपल्या भाषेच्या साच्यात कोंबून ओळखीचा करून टाकणं. आपणही ते करतोच. ‘गॅसलाइट’चं आपण ‘घासलेट’ केलं, ‘टंबलर’चं ‘टमरेल’. त्यात कोणाचं काही गेलं नाही. रॉकेल रडत नाही. इथे मात्र रडणं होतं.

काय होतं ते रडणं? थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना ताबूत माहीत असतात, गोष्ट माहीत नसते. इसवी सन ६८०, ऑक्टोबरची १० तारीख. हिजरी ६१, मोहरमची दहावी, म्हणून त्या दिवसाला अशुरा, म्हणजे दहावा. इराकात फरात नदीजवळ कर्बला. पैगंबरांचे नातू हुसेन, सोबत घरची बायका-मुलं आणि मूठभर माणसं. समोर यजीदची फौज. त्या फौजेनं नदी अडवून धरलेली. नदी दिसते आणि पाणी मिळत नाही. दहाव्या दिवशी हुसेन आणि त्यांची माणसं मारली गेली, बायका-मुलांना कैद करून नेलं. थोरले भाऊ हसन आधीच, काही वर्षांपूर्वी, मदिनेत वारले होते. म्हणजे आरोळीत दोघांची नावं जोडीनं असली तरी रणात मेले ते हुसेन. हुसेनची बहीण जैनब हिनं जो विलाप केला, तिथून या रडण्याची परंपरा सांगितली जाते. बगदादमध्ये ९६३ साली मुइज्जुद्दौलानं बाजार बंद करवून उघड रस्त्यावर शोक करायला लावलं, त्यालाही हजार वर्षं उलटून गेली. मोहरममध्ये सरबत का वाटतात, पाण्याच्या पाणपोया का लावतात, ताबूत नदीत का ‘थंडे’ करतात, हे त्या तहानेशी लावून बघा. ‘ताबूत’ म्हणजे पेटी, शवपेटी. ‘ताजिया’ म्हणजे तर सांत्वन. तो रंगीत कागदी मनोरा म्हणजे बांधून, सजवून रस्त्यावर आणलेलं सांत्वन आहे.

हे आपल्याकडे आलं ते विजापूरहून. यूसुफ आदिलशहानं १५०२ च्या सुमारास शिया पंथ राज्याचा म्हणून जाहीर केला. पुढे सुलतान बदलला की कधी सुन्नी, कधी शिया, असं होत राहिलं, पण मोहरम राहिला. वाई आदिलशाहीतलं सुभ्याचं ठाणं. अफजलखान इथलाच सुभेदार होता, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. आदिलशाही गेली, मोगल आले, मराठे आले, मोहरमला कुणी हात लावला नाही. उलट तो पसरला, आणि पसरताना शिया राहिला नाही. दख्खनच्या खेड्यात तो सुन्न्यांचा झाला, मराठ्यांचा झाला, माळ्याचा, सुताराचा, मांगाचा झाला. पंजे बसू लागले, नवस बोलले जाऊ लागले. पोरगं जगलं तर पाच वर्षं मोहरमात फकीर करीन, असा नवस बोलायला आईला धर्म आडवा आला नाही. ज्या गावात मुसलमानाचं एकही घर नाही, तिथे मराठा घराणं पंजे बसवतं, अशी गावं सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात आजही आहेत. करबलची गाणी म्हणत आगीच्या खड्ड्याभोवती फेर धरणारे लोक आम्ही पाहिलेत. त्यात कोणाचं नाव काय होतं हे विचारायचं आम्हाला सुचलंही नाही.

आणि हे केवळ आपल्या मुलखात नाही. गिरमिटिया मजूर जिकडे गेले तिकडे ही आरोळी गेली. त्रिनिदादमध्ये मोहरमचं नावच ‘होसे’. १८८४ साली तिथल्या सरकारनं होसेची मिरवणूक शहरात यायला बंदी केली, मजूर आले, गोळीबार झाला, माणसं मेली. मॉरिशसमध्ये, जिथे आपले मराठी लोकही गेले, तिथे हाच सण ‘यामसे’. ‘या हुसेन’चं यामसे. सुमात्रा बेटावर पारियामान गावी ताबूत समुद्रात सोडतात, ते म्हणतात ‘ताबुइक’. म्हणजे जगभर ही आरोळी लोकांच्या कानाप्रमाणे वेगवेगळी झाली. होसे, यामसे, हॉब्सन-जॉब्सन. पहिले दोन शब्द मिरवणुकीत चालणाऱ्यांचे आहेत, तिसरा कडेला उभं राहून बघणाऱ्यांचा.

इथपर्यंत आलं की श्रोत्यांना बरं वाटतं. साहेब चुकला, साहेबानं आपलं दुःख थट्टेवारी नेलं. टाळ्या पडतात. पण श्रोतेहो, आता आपल्याकडे येऊ. मराठीत काय आहे?

मराठीत आहे ‘हैदोस’.

‘गुंडांचा हैदोस’, ‘माकडांचा हैदोस’, ‘वळवाच्या पावसाचा हैदोस’. रोजच्या पेपरात आठवड्यातून दोनदा हा शब्द असतो. मराठीच्या जुन्या कोशांत बघा. फोड दिली आहे, फारसी ‘हाय दोस्त’. हाय, मित्रा! मोहरममध्ये छाती पिटत मारलेली हाक. अर्थ काय दिलाय? आधी मुसलमानांचा सण, मग लक्षणेनं धांगडधिंगा, दंगामस्ती. यूलच्या कोशातला अर्थ आणि आपल्या कोशातला अर्थ शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन भाषा, दोन कान, एकमेकांना न विचारता एकाच ठिकाणी पोचले. इंग्रजानं ‘या हुसेन’चा तमाशा केला, आपण ‘हाय दोस्त’चा धुमाकूळ केला. आणि इंग्रजाला निदान भाषा येत नव्हती म्हणायला सोय आहे. आपण तर मिरवणुकीत होतो.

याला एक शेपूटही आहे, ‘हैदोसधुल्ला’. आमच्या मते हा ‘धुल्ला’ म्हणजे ‘दूल्हा’, नवरदेव. दख्खनी मोहरममध्ये नालसाहेब घेऊन धावताना ‘दूल्हा, दूल्हा’ असा पुकारा करत. हसनचा मुलगा कासिम, त्याचं लग्न कर्बलेच्या रणातच लागलं आणि तो त्याच दिवशी मेला, अशी कथा लोक सांगतात. हळदीच्या अंगानं मेलेला नवरदेव. ‘हाय दोस्त! दूल्हा!’ यातून आपल्याला मिळाला हैदोसधुल्ला, पोरांनी घर डोक्यावर घेतलं की आजी वापरायची तो शब्द. आमचीही आजी वापरायची. आणि तीच आजी डोला दारावरून जाताना पदर डोक्यावर घेऊन उभी राहायची, घागरभर पाणी रस्त्यावर ओतायची, चोंगे करायची आणि आमच्या हातावर ठेवायची. तिला या दोन्हींत काही विसंगती वाटली नाही. तिच्या शब्दात विसर होता, हातात नव्हता.

आता एक कबुली द्यायची आहे. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका छोट्या स्थानिक अंकात सणांतल्या गोंगाटावर लिहिलं होतं. गणपती, नवरात्र, मोहरम, सगळ्यांवर सारखंच झोडपलं, निःपक्षपातीपणाचा अभिमानही वाटला. मोहरमच्या परिच्छेदाला मथळा दिला होता, ‘रात्रभर हैदोस’. अंक निघाला. आठवड्यानं ओळखीचे एक वयस्क मुसलमान गृहस्थ भेटले, निवृत्त शिक्षक, मराठी शिकवायचे. चहा घेतला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. उठताना म्हणाले, ‘सर, लेख पटला. आवाज फार होतो, आम्हालाही त्रास होतो. फक्त मथळ्यातला शब्द कुठून आला तेवढं एकदा बघा.’ रागावले नव्हते. आम्ही घरी येऊन कोश काढला. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही असं म्हणणार नाही, लागली. पण त्यानंतर हा शब्द लिहिताना हात अडतो. ज्या रात्रीबद्दल आम्ही लिहीत होतो, त्या रात्रीचं स्वतःचंच रडणं आम्ही तिच्या अंगावर शिवी म्हणून फेकलं होतं, आणि तेही मराठीच्या शिक्षकाच्या देखत.

मग प्रश्न पडतो, की मिरवणुकीत असूनही आपण विसरलो कसे? शब्दाचा अर्थ घसरायला मोहरमचं रूपही थोडं जबाबदार आहे, हे मान्य करायला हवं. दख्खनी मोहरम नुसता शोकाचा नव्हताच. वाघाची सोंगं होती, पट्टा-लाठी होती, ताशे होते, टोळ्यांची ईर्ष्या होती. १८३२ साली जाफर शरीफ यांचं ‘कानून-ए-इस्लाम’ इंग्रजीत आलं, त्यात दख्खनी मुसलमानांच्या मोहरमचं तपशीलवार वर्णन आहे, आणि त्यात शोक आणि सोंग मांडीला मांडी लावून बसलेत. धर्माचे जाणकार त्यावर नाराजच होते. बघणाऱ्याला सोंग आधी दिसतं. हे खरं आहे. पण आपल्याच बोंबेचं उदाहरण आम्ही मघाशी दिलं ते यासाठी. शोक आणि सण एकाच आवाजात राहू शकतात, आणि आतल्या माणसाला दोन्ही कळतात. बाहेर गेलं की एकच ऐकू येतं.

आणि आपण बाहेर गेलो. त्याला तारीख आहे. १८९३. त्या जुलैत, मोहरमच्याच दिवसांत, काठेवाडात प्रभासपाटणला दंगा झाला. ११ ऑगस्टला मुंबईत दंगा पेटला आणि काही दिवस चालला. तोवर पुण्यात मोहरमच्या मिरवणुकीत हिंदू मोठ्या संख्येनं असत. ताबूत त्यांचे, वाजंत्री त्यांची, नाचणारेही तेच. १८९४ च्या मोहरमला पुण्यातल्या हिंदूंना ताबुतात जाऊ नका असं सांगितलं गेलं आणि पुष्कळांनी ते ऐकलं. त्याच वर्षी भाद्रपदात सार्वजनिक गणपती मोठ्या प्रमाणावर बसले, मेळे निघाले. मेळ्यांची घडण, ती टोळीटोळीनं गाणी म्हणत फिरण्याची, एकसारखा पोशाख करण्याची रीत, मोहरमच्या टोळ्यांवरून आली, हे अभ्यासकांनी दाखवलंय. लोकमान्यांचं नाव या गावात आम्ही आदरानंच घेतो. गणेशोत्सवानं राजकीय जागृती केली हे निर्विवाद आहे. पण हिशेबाला दोन बाजू असतात. एका बाजूला एक उत्सव जमा झाला. दुसऱ्या बाजूला, शेजाऱ्याच्या दुःखात वर्षातून दहा दिवस उभं राहायची जी सवय होती, ती खर्ची पडली. सगळीकडे नाही, पण शहरांत नक्की. हैदोसाचा अर्थ घसरला तो त्याच्या आधीच, कोश साक्षीला आहेत. परंतु तोवर शब्द घसरला तरी आजी पाणी ओतत होती. नंतर पाणी ओतणारं कोणी उरलं नाही आणि शब्द एकटा पडला.

भाषेत मात्र ताबूत अजून भरपूर आहेत. निवडणुकीच्या आदल्या दिवशी पेपरात काय येतं? ‘प्रचाराचे ताबूत थंडावले’. लिहिणाऱ्या पत्रकाराला विचारा ताबूत कसले. आणि मोर्चात आपण काय म्हणतो? अमुक सरकार, हाय हाय! छाती पिटण्याचा तो ठेका, नीट ऐका, तोच आहे. उजवे, डावे, सगळे पक्ष मोहरमच्या ठेक्यात निषेध करतात. ‘त्यानं हाय खाल्ली’ म्हणतो तेव्हा मात्र हाय अजून खरी आहे. तिथे कोणी हसत नाही.

सगळं गेलं असं समजू नका. सांगली जिल्ह्यात कडेगावला जाऊन या. इथून फार लांब नाही, कराडवरून पुढे. तिथले ताबूत गगनचुंबी म्हणून प्रसिद्ध आहेत. बांबू, चिकणमाती, सूत आणि रंगीत कागद, एवढ्यावर कैक मजले उभे राहतात. बांधणीची रीत अशी, की आधी कळस आणि मग खालचे मजले. परंपरा सुमारे दीडशे वर्षांची सांगतात. मानाच्या ताबुतांत हिंदू घराण्यांचे ताबूत आहेत, उचलायला सगळं गाव असतं, आणि शेवटी ताबुतांच्या भेटी होतात. तो भेटीचा क्षण बघायला माळावर माणूस मावत नाही. तिथेही जत्रा आहे, पाळणे आहेत, भजी आहेत. आणि तिथेच, गर्दीच्या कडेला, पदराला डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, कुरुंदवाडलाही बसतो. हिजरी वर्षाला अधिक महिना नाही, त्यामुळे मोहरम दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा गणपतीच्या गाठीला येतो. २०१८, २०१९ आणि २०२० अशी तीन वर्षं तसं झालं. एका मांडवात पंजे आणि गणपती, असे फोटो तेव्हा छापून आले. मथळ्यांत ‘ऐक्याचं प्रतीक’ वगैरे होतं. तिथल्या लोकांना प्रतीकबितीक काही माहीत नसतं. त्यांच्या मते जागा एकच आहे आणि दोन पाहुणे आलेत, तर दोघांनाही बसवायला हवं.

वेळ संपत आली आहे. चिठ्ठ्या आल्यात, त्यातल्या दोन घेऊ.

एका श्रोत्यानं विचारलंय, मग ‘हैदोस’ शब्द वापरूच नये काय? आम्ही बंदीवाले नाही. शब्द शे-दोनशे वर्षं रुळलाय, तुमच्या-आमच्या सांगण्यानं जाणार नाही. माकडांनी बाग उद्ध्वस्त केली तर खुशाल लिहा. मोहरमबद्दल, आणि मोहरमच्या आसपासच्या माणसांबद्दल लिहिताना मात्र दुसरा शब्द शोधा. मराठी गरीब नाही. गोंगाट आहे, धुडगूस आहे, कलकलाट आहे. आणि वर्गात हा शब्द आला, तर शिक्षकांनी दोन मिनिटं थांबून तो फोडून दाखवावा. ज्यांच्यामुळे आम्हाला तो कळला ते गृहस्थ आता नाहीत, पण त्यांनी वर्गात हेच केलं असतं.

दुसरी चिठ्ठी एका बाईंची आहे. त्या म्हणतात, आमच्या माहेरी, कोरेगावकडे, डोल्याच्या पुढे बायका ‘हायदोस हायदोस’ म्हणत जायच्या, आम्हा मुलींनाही म्हणायला लावायच्या, आम्हाला तो देवाचा जप वाटायचा. बाई, आपण जिथे कुठे बसला आहात तिथे थोडं थांबा. खाली उतरलो की आम्हाला ते कसं म्हणायच्या, कुठल्या चालीवर, ते ऐकायचंय.